मूलद्रव्यांचे कोष्टक आणि नागरिकाचे शिक्षण

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून 'मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण' हा धडा काढून टाकण्याचा निर्णय राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ साली घेतला, आणि २०२३-२४ या शैक्षणिक वर्षाची पुस्तके त्या धड्यावाचून छापली गेली. जून २०२३ मध्ये या गोष्टीचा देशात आणि देशाबाहेरही बराच गवगवा झाला. त्यातला पुष्कळसा गदारोळ उत्क्रांतिवादाच्या भागाभोवती फिरला, कारण तो भागही त्याच वेळी गाळण्यात आला होता आणि त्याला धर्म व राजकारण यांचे पदर होते. मूलद्रव्यांच्या कोष्टकाला असा कोणताच पदर नाही. त्याच्यासाठी मोर्चा निघत नाही, त्याच्यावरून कोणाच्या भावना दुखावत नाहीत. म्हणूनच त्याचे जाणे अधिक मुकाट्याने झाले, आणि म्हणूनच त्याचा विचार अधिक शांतपणे करणे आवश्यक आहे.

परिषदेची बाजू प्रथम नीट मांडली पाहिजे. महासाथीच्या काळात विद्यार्थ्यांची दोन वर्षे विस्कटली होती. अभ्यासाचे ओझे हलके करणे भाग होते. जे विषय वरच्या इयत्तेत पुन्हा येतात, ते खालच्या इयत्तेत गाळावेत, असा निकष ठरविण्यात आला. आवर्तसारणी अकरावीच्या रसायनशास्त्रात सविस्तर शिकवली जाते. तेव्हा ती अभ्यासक्रमातून नाहीशी झाली असे म्हणणे बरोबर नाही, असा खुलासा परिषदेने केला. हा खुलासा शब्दशः खरा आहे. पण तो अपुरा आहे. दहावी ही आपल्याकडे नुसती एक इयत्ता नसून एक उंबरठा आहे. त्या उंबरठ्यापाशी विज्ञानाची वाट धरणारी मुले एकीकडे वळतात आणि कला, वाणिज्य, औद्योगिक प्रशिक्षण किंवा थेट रोजगार यांकडे जाणारी दुसरीकडे. दुसऱ्या वाटेने जाणाऱ्यांची रसायनशास्त्राशी शालेय गाठ दहावीतच शेवटची पडते. अकरावीच्या विज्ञान शाखेसाठी राखून ठेवलेला धडा म्हणजे या सर्वांना नाकारलेला धडा होय.

तेव्हा वाद एका धड्यापुरता नाही. जो रसायनशास्त्रज्ञ होणार नाही, त्यालाही मूलद्रव्यांचे कोष्टक समजले पाहिजे की नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर ते कोष्टक मुळात काय आहे यावर अवलंबून राहील.

पाठ्यपुस्तकासाठी लागलेला शोध

पुष्कळांच्या स्मरणात हे कोष्टक म्हणजे वर्गाच्या भिंतीवरचा एक रंगीत तक्ता, काही विचित्र अक्षरे आणि पाठांतराची भीती, एवढेच उरलेले असते. प्रत्यक्षात ते पाठांतरावरचा उतारा म्हणून जन्माला आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास साठाच्या आसपास मूलद्रव्ये ज्ञात होती आणि प्रत्येकाचा स्वभाव स्वतंत्रपणे ध्यानात ठेवावा लागे. त्यांत काही नाते असावे अशी शंका अनेकांना आली होती. जर्मनीत डोबेरायनरने तीन-तीन मूलद्रव्यांची त्रिके जुळवली. लिथियमचे अणुवस्तुमान ७, पोटॅशियमचे ३९. दोहोंची सरासरी २३, आणि तेच सोडियमचे अणुवस्तुमान! इंग्लंडमध्ये न्यूलँड्सने दाखविले की, मूलद्रव्ये अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने मांडली असता, सा रे ग म मध्ये जसा आठवा स्वर पुन्हा सा असतो, तसे आठव्या मूलद्रव्याचे गुण पहिल्यासारखे येतात. १८६६ साली लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे त्याने हा विचार मांडला, तेव्हा मूलद्रव्यांची मांडणी वर्णानुक्रमाने करून पाहिली आहे काय, असे त्याला विचारण्यात आले. विद्वानांच्या सभेतील ती थट्टा रसायनशास्त्राच्या इतिहासात कायमची नोंदली गेली आहे. त्याच न्यूलँड्सला १८८७ साली रॉयल सोसायटीने डेव्ही पदक देऊन ती चूक काहीशी भरून काढली.

सेंट पीटर्सबर्ग येथील प्राध्यापक दिमित्री मेंडेलीव्ह याच्यापुढे जो प्रश्न होता, तो प्रयोगशाळेतला नव्हता, शिक्षकाचा होता. तो विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहीत होता. पहिल्या भागात मोजकीच मूलद्रव्ये आली. उरलेली पन्नासाहून अधिक दुसऱ्या भागात कोणत्या क्रमाने सांगावीत, की ती मुलांना समजतील, या विवंचनेतून १८६९ साली त्याचे कोष्टक सिद्ध झाले. जर्मनीत लोथार मायर जवळजवळ त्याच ठिकाणी येऊन पोहोचला होता आणि १८८२ साली डेव्ही पदक दोघांना मिळून देण्यात आले. परंतु मेंडेलीव्हचे वेगळेपण त्याच्या धैर्यात होते. जिथे ज्ञात मूलद्रव्य चपखल बसत नव्हते, तिथे त्याने ते ओढूनताणून बसविले नाही. घर रिकामे ठेवले. जिथे ठरलेले अणुवस्तुमान कोष्टकाशी जुळत नव्हते, तिथे मोजमापच चुकले असले पाहिजे असे तो म्हणाला. युरेनियमचे १२० मानले जाणारे अणुवस्तुमान त्याने २४० धरले, आणि काळाने त्याची बाजू घेतली.

रिकाम्या घरांपैकी तिघांचे वर्णन त्याने १८७१ साली तपशिलाने लिहून ठेवले. सिलिकॉनच्या खालच्या घरात येणाऱ्या मूलद्रव्याचे अणुवस्तुमान सुमारे ७२ आणि घनता ५.५ असेल, असे त्याने सांगितले. १८८६ साली क्लेमेन्स विंक्लरला जर्मेनियम सापडले. आजच्या मोजणीने त्याचे अणुवस्तुमान ७२.६३ आणि घनता ५.३२ भरते. त्याआधी १८७९ साली स्कॅन्डियम मिळाले होते आणि १८७५ साली फ्रान्समध्ये गॅलियम. गॅलियमची हकीकत तर विलक्षण आहे. शोधकर्त्याने त्याची घनता ४.७ मोजली. ज्याने हा धातू डोळ्यांनीही पाहिला नव्हता, त्या मेंडेलीव्हने रशियातून कळविले की ती ५.९ च्या आसपास असली पाहिजे. नमुना अधिक शुद्ध करून पुन्हा मोजणी झाली, आणि घनता ५.९ निघाली. पाहणाऱ्यापेक्षा विचार करणाऱ्याला अधिक स्पष्ट दिसावे, असा तो प्रसंग होता. नियम म्हणजे काय, भाकीत म्हणजे काय, आणि भाकीत कसोटीला लावणे म्हणजे काय, हे पंधरा वर्षांच्या मुलाला समजावून सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात क्वचित सापडेल. ज्योतिषाचे भाकीत आणि विज्ञानाचे भाकीत यांतील अंतर त्याला कोणी वेगळे सांगावे लागणार नाही.

वरची घरे, खालची घरे

कोष्टकाचे मर्म त्यातील नावांत नाही. घरांच्या शेजारपणात आहे. उभ्या रांगेला गण म्हणतात, आडव्या ओळीला आवर्त. अणूच्या केंद्रातील प्रोटॉनांची संख्या, म्हणजे अणुअंक, एकेकाने वाढत जातो आणि तितकेच इलेक्ट्रॉन केंद्राभोवतीच्या कवचांत भरत जातात. मूलद्रव्याचे रासायनिक वागणे मुख्यतः सर्वांत बाहेरच्या कवचावर ठरते. एका गणातील सर्वांचे बाहेरचे कवच सारख्याच घडणीचे असते, म्हणून त्यांचा स्वभाव मिळताजुळता. एका आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना कवच तेच राहते, पण केंद्राचा धनप्रभार वाढतो. तो इलेक्ट्रॉनांना अधिकाधिक आत ओढतो आणि अणू लहान होत जातो. सोडियमच्या अणूची त्रिज्या १८६ पिकोमीटर आहे, तर त्याच ओळीत सहा घरे पुढे असलेल्या क्लोरीनची अवघी ९९. म्हणून डावीकडचे धातू आपला बाहेरचा इलेक्ट्रॉन सहज सोडून देतात, आणि उजवीकडचे अधातू दुसऱ्याचा ओढून घेतात. अगदी शेवटच्या घरातील वायू तृप्त असतो. तो घेतही नाही आणि देतही नाही.

गणात वरून खाली जाताना प्रत्येक पायरीवर एक नवे कवच वाढते. बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रापासून दूर जातो आणि मधल्या कवचांच्या आडोशामुळे केंद्राची पकड सैल होते. लिथियम पाण्यात टाकले तर ते संथपणे बुडबुडे सोडत राहते. सोडियम वितळून पाण्यावर सैरावैरा धावते. पोटॅशियम जांभळट ज्योतीने पेट घेते. सीझियमचा तर स्फोटच होतो. देणाऱ्यांच्या रांगेत खालचा अधिक उदार. घेणाऱ्यांच्या रांगेत याच्या नेमके उलट: फ्लोरीन सर्वांत आक्रमक, त्यानंतर क्लोरीन, मग ब्रोमीन आणि आयोडीन क्रमाने सौम्य. दोन्ही रांगांना लागू पडणारे कारण एकच आहे. ते एकदा उमगले की शंभराहून अधिक मूलद्रव्यांची वेगवेगळी टिपणे घोकावी लागत नाहीत. घराचा पत्ता कळला की घरातील माणसाचा स्वभाव बऱ्याच अंशी कळतो.

'बऱ्याच अंशी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. अणुवस्तुमानाच्या क्रमाने गेल्यास टेल्युरियम आयोडीनच्या नंतर यावयास हवे. मेंडेलीव्हने गुणधर्म पाहून ते आधी ठेवले. त्याचा उलगडा १९१३ साली हेन्री मोझली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने क्ष-किरणांच्या साहाय्याने केला: खरा क्रम वस्तुमानाचा नसून अणुअंकाचा आहे. तो मोझली १९१५ साली गॅलिपोलीच्या रणभूमीवर वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मारला गेला. १८९४ साली आरगॉन सापडला, तेव्हा कोष्टकात त्याला जागाच नव्हती, आणि खुद्द मेंडेलीव्हला हे नवे मूलद्रव्य आहे हे प्रथम पटेना. पुढे तसे आणखी वायू सापडले आणि कोष्टकाने एक संपूर्ण नवा गण आपल्या कडेला सामावून घेतला. हायड्रोजनचे घर नेमके कोठे असावे याविषयी आजही मतभेद आहेत. मेंडेलीव्हची काही भाकिते साफ चुकली. हायड्रोजनहूनही हलकी मूलद्रव्ये असतील असे त्याला वाटत होते, तशी ती नाहीत. अपवाद मान्य करणारे, चूक सुधारणारे आणि तरीही न कोसळणारे असे हे ज्ञान आहे. नियम आणि अपवाद यांचा हा विवेक विद्यार्थ्याने शाळेतच आत्मसात करावयाचा असतो.

विहीर, मीठ आणि हाडे

याचा सामान्य माणसाच्या जीवनाशी संबंध काय, असे विचारले जाईल. तो शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. पावसाळ्यात गावच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात, ती क्लोरीनसाठी. जखमेवर टिंक्चर आयोडीन लावत, ते आयोडीनसाठी. मिठाच्या पुडीवर आयोडीनयुक्त असा शिक्का असतो. आणि चंद्रपूर, यवतमाळ यांसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या भूजलात फ्लोराइड प्रमाणाबाहेर असल्याने मुलांचे दात डागाळतात आणि मोठ्यांची हाडे ताठरतात. विहिरीचे औषध, जखमेचे औषध, मिठातील पोषक द्रव्य आणि पाण्यातील विष ही चारही एकाच उभ्या रांगेतील भावंडांची रूपे आहेत. फ्लोराइड दातांत आणि हाडांत का शिरते? त्याचा आयन आकाराने व प्रभाराने तिथल्या हायड्रॉक्सिल आयनाची जागा घेण्याजोगा असतो म्हणून. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आणि दुसरा स्रोत नसल्यास दीड मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा भारतीय मानकाने घातली आहे. पाणी तपासणीचा कागद हाती आला असता त्यातील आकड्यांचा अर्थ ज्याला कळतो, तोच ग्रामसभेत उभा राहून प्रश्न विचारू शकतो.

शेजाऱ्याच्या वेषात आत शिरणारे विष हा कोष्टकाने शिकविलेला फार मोठा धडा आहे. जस्त शरीराला हवे असते. कोष्टकात त्याच्याच खाली कॅडमियम आहे. जस्ताच्या खनिजात ते बरोबरच सापडते. जपानमधील तोयामा भागात जस्ताच्या खाणीतून आलेले कॅडमियम जिन्झू नदीच्या पाण्यातून भातशेतीत उतरले आणि माणसांची हाडे इतकी ठिसूळ झाली की त्या रोगाला लोकांनी 'इताई-इताई', म्हणजे 'दुखते, दुखते' असे नाव दिले. १९६८ साली जपान सरकारने तो प्रदूषणाचा रोग म्हणून मान्य केला. फॉस्फरसच्या खाली आर्सेनिक आहे. फॉस्फेटच्या रूपाशी साधर्म्य असलेले आर्सेनेट पेशींच्या व्यवहारात घुसखोरी करते. बंगालच्या दोन्ही बाजूंच्या भूजलात आर्सेनिकने केलेला अनर्थ सर्वज्ञात आहे. कॅल्शियमच्या खाली स्ट्रॉन्शियम आहे आणि त्याच रांगेत सर्वांत खाली रेडियम. ही दोन्ही शरीरात गेली की कॅल्शियमच्या वाटेने हाडांत जाऊन बसतात.

या शेवटच्या उदाहरणात नागरिकांच्या हाती आलेल्या ज्ञानाचे सामर्थ्यही दिसते. १९५० नंतरच्या दशकात महासत्ता उघड्या आकाशाखाली अणुचाचण्या करीत होत्या. त्यांतून उडालेले किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-९० गवतावर पडत होते, गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या दातांत जात होते. अमेरिकेतील सेंट लुईस शहरात शास्त्रज्ञ आणि सामान्य नागरिक यांनी एकत्र येऊन १९५८ साली मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करण्याची मोहीम सुरू केली. दातच का? कारण स्ट्रॉन्शियमचे घर कॅल्शियमच्या खाली आहे. त्या दातांतील वाढत्या स्ट्रॉन्शियमने चाचणीविरोधी जनमताला पुरावा पुरविला, आणि १९६३ साली वातावरणातील चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. त्या आयांपैकी बहुतेक जणी काही रसायनशास्त्रज्ञ नव्हत्या. परंतु त्यांना सांगितलेली गोष्ट समजण्याइतके शिक्षण त्यांच्या समाजात होते.

अभिमान आणि आकलन

भारतात या कोष्टकाचा उल्लेख झाला की एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते. रिकाम्या घरांतील मूलद्रव्यांना नावे देताना मेंडेलीव्हने संस्कृत संख्यावाचकांचा उपयोग केला: एका-अॅल्युमिनियम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन. एक म्हणजे एक घर खाली; पुढच्या घरांसाठी त्याने द्वि आणि त्रि ही रूपेही वापरली. ही गोष्ट खरी आहे आणि आनंद वाटावा अशीच आहे. पण 'एका'चा अभिमान बाळगावयाचा आणि ज्या घराकडे तो शब्द बोट दाखवितो ते घरच पुस्तकातून पुसावयाचे, हा प्रकार चमत्कारिक म्हटला पाहिजे.

महाराष्ट्रालाही असाच एक अभिमानाचा विषय आहे. हेलियमचा शोध विजयदुर्गाच्या किल्ल्यावर लागला आणि नॉर्मन लॉकियरने तो १८६८ सालच्या सूर्यग्रहणात लावला, असे कोकणात कौतुकाने सांगतात. किल्ल्यातील चौथरेही त्याची साक्ष म्हणून दाखवितात. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन याने वेध घेतले, ते आंध्रातील गुंटूर येथून. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होता आणि त्याने ऑक्टोबरात तेथून सूर्याच्या वर्णपटाचा अभ्यास केला. तो विजयदुर्गावर आला, तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. मधल्या काळात, १८९५ साली, रॅम्झीने हेलियम पृथ्वीवरच्या खनिजातूनही मिळविला होता. विजयदुर्गाचे महत्त्व याने उणावत नाही. एका मोठ्या शास्त्रज्ञाच्या मोहिमेचे ते खरेखुरे ठिकाण आहे. पण हेलियमची खरी नवलाई तो कोणाच्या गावाजवळ सापडला यात नाही. सूर्याच्या प्रकाशात दिसलेल्या एका पिवळ्या रेषेतून नवे मूलद्रव्य ओळखले गेले आणि सूर्याची व पृथ्वीची मूलद्रव्ये एकाच कोष्टकात बसली, यात ती आहे. अभिमानाला आकलनाची जोड नसेल तर त्याची दंतकथा होते.

ओझे कशाचे?

धडा गाळण्याच्या बाजूने एक आक्षेप मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे. हा धडा आपल्या शाळांत ज्या रीतीने शिकविला जातो, ती रीत पाहता तो गेल्याने फारसे नुकसान झाले नाही, असे अनेक शिक्षक खाजगीत म्हणतात. डोबेरायनरने काय सांगितले, न्यूलँड्सच्या नियमाचे दोष कोणते, मेंडेलीव्हच्या सारणीचे गुण कोणते, अशी ठराविक प्रश्नोत्तरे; पहिली वीस मूलद्रव्ये पाठ करण्यासाठी अर्थहीन अक्षरांच्या माळा; आणि परीक्षा संपताच सर्व विसरणे. यात सत्यांश मोठा आहे. पण रोग शिकविण्याच्या पद्धतीत असताना विषयच कापून टाकणे म्हणजे दात दुखतो म्हणून जेवण बंद करण्यासारखे आहे. शिवाय ओझ्याचा हिशेबही येथे उलटा मांडला गेला आहे. आम्ले आणि अल्के, धातू आणि अधातू, रासायनिक बंध, कार्बनची संयुगे हे सारे दहावीच्या पातळीवर शिकवावयाचे असते. त्यांना एका सूत्रात ओवणारा धडा काढून घेतला, तर मागे मण्यांचा ढीग उरतो. पाने कमी होतात, पाठांतर वाढते.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात हा धडा आरंभीच, गुरुत्वाकर्षणाच्या पाठोपाठ, दुसऱ्या क्रमांकावर घालण्यात आला. ती योजना शहाणपणाची होती. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पुस्तकांची फेररचना करण्याचे काम देशभर हाती घेण्यात आले आहे. अशा वेळी केंद्रीय पुस्तकाबरहुकूम आपले पुस्तक कापण्याचा मोह राज्यांनी टाळला पाहिजे, आणि फेररचना करणाऱ्या केंद्रीय समित्यांनीही गाळलेला धडा दहावीपर्यंतच्या अभ्यासक्रमात सन्मानाने परत आणला पाहिजे.

मात्र तो जुन्या स्वरूपात परत येऊ नये. त्यासाठी फार खर्चाची गरज नाही. परीक्षेत प्रश्नपत्रिकेबरोबरच मूलद्रव्यांचे कोष्टक छापून द्यावे. इंग्लंडमध्ये शालान्त परीक्षेला रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते पुरविले जाते. त्यामुळे परीक्षकाला स्मरणशक्तीऐवजी समज तपासणे भाग पडते. वर्गात काही घरे झाकलेले कोष्टक मुलांपुढे ठेवावे आणि शेजारच्या घरांवरून झाकलेल्या मूलद्रव्याचे गुण ओळखावयास सांगावे. मेंडेलीव्हने जे केले तेच प्रत्येक मुलाला एकदा करू द्यावे. पोटॅशियम आयोडाइडच्या रंगहीन द्रावणात क्लोरीनचे पाणी घातले की आयोडीन मोकळे होऊन द्रावण तपकिरी होते. आयोडीनने मात्र क्लोरीनला हुसकता येत नाही. एवढा एक प्रयोग खेड्यातल्या शाळेतही शिक्षकाला काळजीपूर्वक करून दाखविता येईल, आणि गणातील चढउताराची गोष्ट मूल जन्मभर विसरणार नाही. मराठी विज्ञान परिषदेसारखी संस्था १९६६ पासून विज्ञानप्रसाराचे काम करीत आहे. तिच्या आणि शाळांच्या सहकार्याने ज्या त्या जिल्ह्यातील पाणी, माती व खनिजे कोष्टकाशी जोडून दाखविणे अवघड नाही.

अखेर एका योगायोगाकडे लक्ष वेधले पाहिजे. धडा गाळल्याचा वाद जून २०२३ मध्ये पेटला. पुढच्याच महिन्यात, ३ जुलै २०२३ रोजी, चीनने जाहीर केले की ऑगस्टपासून दोन धातूंची निर्यात सरकारी परवान्यावाचून होणार नाही. ते दोन धातू होते गॅलियम आणि जर्मेनियम: मेंडेलीव्हने न पाहता वर्णिलेल्या तिघांपैकी दोघे. १९४७ सालचा पहिला ट्रान्झिस्टर जर्मेनियमचा होता. पुढे त्याची जागा त्याच्याच वरच्या घरातील सिलिकॉनने घेतली. आणि जर्मेनियमच्या एका बाजूचे गॅलियम व दुसऱ्या बाजूचे आर्सेनिक यांच्या संयुगावर आजची अनेक सूक्ष्म उपकरणे चालतात. त्याच वर्षी फेब्रुवारीत जम्मूमधील रियासी येथे लिथियमचा ५९ लाख टनांचा अनुमानित साठा असल्याचे जाहीर झाले, तेव्हा देशात जणू सोन्याची खाण सापडल्याचा जल्लोष झाला. 'अनुमानित' या शब्दाकडे थोड्यांचेच लक्ष गेले. लिथियमच्याच खालच्या घरात, प्रत्येक मिठागरात विपुल असलेले सोडियम त्याचे काम काही अंशी करू शकेल आणि त्या दिशेने जगभर प्रयत्न चालू आहेत, हे त्याहूनही थोड्यांना ठाऊक होते. खनिजांसाठी राष्ट्रे एकमेकांची कोंडी करीत असताना त्या खनिजांचा नकाशाच आपल्या तरुणांच्या हातून काढून घेणे दूरदर्शीपणाचे नव्हे.

मूलद्रव्यांची संख्या आज ११८ आहे. शेवटच्या चौघांना २०१६ साली नावे मिळाली आणि कोष्टकाची सातवी ओळ पूर्ण झाली. संयुक्त राष्ट्रांनी २०१९ हे वर्ष या कोष्टकाच्या दीडशेव्या वर्धापनाचे म्हणून साजरे केले. एका शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांसाठी मांडलेला हा एका पानाचा ठेवा दीड शतक जगातल्या प्रत्येक मुलाच्या वाट्याला येत राहिला आहे. तो विज्ञान शाखेच्या दारातूनच मिळेल, अशी व्यवस्था करण्याचा अधिकार कोणत्याही अभ्यासमंडळाला नाही. दहावीचा उंबरठा ओलांडून बँकेत, शेतात, कारखान्यात किंवा पंचायतीत जाणाऱ्या प्रत्येकाच्या शिदोरीत हे एक पान असलेच पाहिजे.